लाईन गेली, लाईन लागली, लाईन मारली : एका इंग्रजी शब्दाचा सोलापुरी संसार

दुरेघी_वही :

नमस्कार मंडळी,

मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. घर सोलापूरच्या पूर्व भागात, त्यामुळं येणारी मुलं तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा सगळ्या घरांतली. घरची भाषा कुठलीही असो, एक इंग्रजी शब्द सगळ्यांच्या तोंडात सारखाच बसलाय. लाईन. नळाला पाणी नाही, उजनीची लाईन फुटली. पंखा थांबला, लाईन गेली. रेशनला लाईन आहे. दादा मेडिकल लाईनला गेला. टेम्पो आज अक्कलकोट लाईनला आहे. आणि कॉलेजच्या गेटवर कोण कुणाला लाईन मारलालाय, हे तर विचारायलाच नको.

मध्यंतरी माझ्याकडच्या एका मुलीनं निबंधात लिहिलं, 'माय फादर इज इन द टॉवेल लाईन.' शाळेत त्याला लाल रेघ आली आणि शेजारी शेरा पडला, 'हे रस्त्यावरचं इंग्रजी आहे.' पोर हिरमुसली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. धंदा, पेशा या अर्थानं 'लाईन' इंग्रजीत फार जुना आहे. 'इन द ग्रोसरी लाईन', 'इन द बिल्डिंग लाईन' असं तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलेत. 'व्हॉट लाईन आर यू इन?' हा प्रश्न आजही कुणी विचारला तर ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावत नाहीत. आपल्याकडचा वापर म्हणजे बिघडलेलं इंग्रजी, असं धरून चालायची सवय आपल्याला लागली आहे. ती निदान या एका शब्दापुरती तरी तपासून बघू, म्हणून हा धागा काढलाय.

मुळापासून सांगते. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. आपण जाडसर कुटून चटणी करतो आणि ज्वारीच्या कडक भाकरीवर घेतो, तेच जवस. आपल्याकडं ते बियांसाठी पेरतात. युरोपात त्याच झाडाच्या उंच वाढणाऱ्या जाती धाग्यासाठी पेरतात. खोडाच्या सालीतून तंतू काढायचे, ते कातायचे, त्याचं कापड म्हणजे लिनन. आणि या जवसाच्या धाग्याची दोरी म्हणजे 'लिनिया'. तिथून जुन्या इंग्रजीत 'लिने' आला, दोरी या अर्थानं. पुढं फ्रेंचमधून 'लिन्य' आला, रेघ या अर्थानं. दोन्ही एकमेकांत मिसळून आजचा 'लाईन' झाला.

म्हणजे आधी दोरी, मग रेघ. हा क्रम ध्यानात ठेवला की बाकीचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत. दोरी ताणली की सरळ होते, म्हणून सरळ रेघ. कागदावरच्या रेघेवर लिहिलं ती ओळ. नाटकातल्या पात्राची वाक्यं म्हणजे त्याच्या 'लाईन्स'. माणसं रेघेत उभी राहिली की रांग. दोरीच्या जागी तार आली आणि तारायंत्राची लाईन झाली, पुढं फोनची, विजेची. दोरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते, म्हणून वाट, मार्ग, रेल्वेची लाईन, जहाजांची लाईन. ठरलेल्या लाईनवर फिरणारं जहाज म्हणून ते 'लायनर'. आणि माणसानं आयुष्यात धरलेली वाट म्हणजे त्याची लाईन. आमच्या मुलीचा बाप टॉवेलच्या वाटेला लागलाय, एवढंच ती लिहीत होती.

एक शाखा मात्र दोरीतून फुटलेली नाही, कापडातून फुटली आहे. कोटाला आतून लिननचा थर लावायचे, त्या क्रियेला 'टू लाईन' म्हणत. त्यातून 'लायनिंग', आपलं अस्तर. लाच खाणाऱ्याबद्दल इंग्रजीत 'ही लाईन्ड हिज पॉकेट्स' म्हणतात तो 'लाईन' हाच. खिशाला आतून पैशांचं अस्तर. इथं रेघ शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही.

आता बोलीतले अर्थ. मुलं नेटवर वाचतात आणि मला विचारतात, तेव्हा तोंड फिरवून चालत नाही.

'गिव्ह समवन अ लाईन' किंवा 'फीड अ लाईन' म्हणजे थापा मारणं, गोड बोलून गुंडाळणं. 'शूट अ लाईन' म्हणजे बढाया मारणं. हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश वैमानिकांच्या बोलीत फार चालायचा. 'हार्ड लाईन्स' म्हणजे 'नशीब वाईट रे', सहानुभूतीनं म्हणायचं. 'ड्रॉप मी अ लाईन' म्हणजे दोन ओळी लिहून पाठव. 'टो द लाईन' म्हणजे आखलेल्या रेघेला पायाची बोटं टेकवून उभं राहणं, म्हणजेच वरून आलेला आदेश निमूट पाळणं. यातला 'टो' म्हणजे पायाचं बोट. गाडी ओढून नेण्याचा 'टो' वेगळा, पण तो लिहिणारे इंग्रजही पुष्कळ आहेत. आणि कोकेनची पूड रेघेत ओढून हुंगतात, त्या एका रेघेलाही 'लाईन' म्हणतात. परदेशी मालिकांत 'डू अ लाईन' ऐकू आलं तर बहुतेक वेळा हाच अर्थ असतो. हे मी मुलांना स्पष्ट सांगते. अर्थ माहीत नसताना मित्रांत बोलून बसण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या कामात, गल्लीत, घरात 'लाईन' कुठल्या अर्थानं येतो ते लिहा. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, कुठलंही चालेल.


होटगी_जंक्शन :

मस्त धागा ताई. रेल्वेत नोकरी झाली, त्यामुळं माझा पहिला हक्क.

सोलापूरला गाडी आली १८६० मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची. तेव्हापासून लाईन हा शब्द गावात असणार. आमच्या लहानपणी तीन लाईनी होत्या. मेन लाईन, म्हणजे मुंबई-मद्रास. होटगीवरून विजापूर-गदगकडं जाणारी गदग लाईन, ती मीटर गेज. आणि कुर्डुवाडीची बार्शी लाईन. ही बार्शी लाईट रेल्वे १८९७ ची, रुळांमधलं अंतर अडीच फूट फक्त. आता सगळं ब्रॉड गेज झालं, तरी जुनी माणसं अजून 'बार्शी लाईन'च म्हणतात.

पण मला सांगायचंय ते 'रेल्वे लाईन्स'बद्दल. स्टेशनजवळचा हा आपला भाग. नव्या माणसाला वाटतं, रूळ आहेत म्हणून नाव पडलं. तसं नाही. इंग्रजांच्या लष्करात छावणीतल्या बराकींच्या, झोपड्यांच्या ओळींना 'लाईन्स' म्हणत. त्यावरून पोलीस लाईन, सिव्हिल लाईन्स, कोल्हापूरचा आणि धारवाडचा लाईन बाजार. तसेच हे रेल्वेच्या लोकांच्या वस्तीचे 'लाईन्स'. म्हणून तिथं शेवटी 'स' आहे. गंमत म्हणजे आपण 'पोलीस लाईन'मधला स काढून टाकला आणि 'रेल्वे लाईन्स'मधला ठेवला.


कन्ना_चौक :

ए-लाईन कुर्ता राहिला की!


काज_बटण :

ए-लाईनवरून आठवलं. आमचं शाळेच्या गणवेशांचं काम आहे. सोलापूरचा गणवेश कुठं कुठं जातो हे इथल्या लोकांना सांगायला नको. आमच्या धंद्यात बटणाचं मापच लाईन आहे. दुकानात जाऊन 'अकरा मिलिमीटरचं बटण द्या' म्हटलं तर तो तोंडाकडं बघेल. 'अठरा लाईन द्या' म्हटलं की डबा काढतो. शर्टाच्या पुढच्या पट्टीला १८ लाईन, कॉलरच्या टोकाला त्याहून बारीक, १४ नाहीतर १६, कोटाला २४ च्या पुढं. चाळीस लाईन म्हणजे एक इंच. बटण पाठीवर उलटं टाकून पट्टी लावली की १८ लाईन साडेअकरा मिलिमीटरच्या आत एक केस भरतं. कारागीर नवा असला तर १६ आणि १८ एकाच डब्यात मिसळतो. मग काज मोठं आणि बटण लहान, शर्ट घातला की बटण आपोआप सुटतं. पूर्ण गठ्ठा परत येतो. त्यामुळं आमच्याकडं लाईन चुकली म्हणजे पैसे गेले.

हा शब्द या मापाला कुठून आला, ताईंना माहीत आहे का?


दुरेघी_वही :

@काज_बटण, वा! ही माहिती मला नवी. माप म्हणून 'लाईन' जुना आहे. इंग्लंडात इंचाचा बारावा भाग म्हणजे एक लाईन असायची. फ्रान्समध्येही तिथल्या इंचाचा बारावा भाग म्हणजे एक 'लिन्य', आणि मनगटी घड्याळाच्या आतल्या यंत्राचं माप अजूनही त्यात सांगतात. बटणवाल्यांची इंचाला ४० लाईन ही मात्र वेगळी मोजणी, नाव तेच. तुमच्याकडं स्पेलिंग 'एल आय जी एन ई' असं छापलेलं येत असेल तर ते फ्रेंचवरून.


फ्यूज_पेटी :

वायरमन आहे. 'लाईन गेली' म्हटलं की शिकलेली मंडळी हसतात, 'लाईट गेली म्हणा' म्हणतात. आता हे बघा. लाईट म्हणजे दिवा. दिवा जळला तरी लाईट गेली आणि तार तुटली तरी लाईट गेली, मग कळायचं कसं? लाईन गेली म्हणजे तारेतून करंट यायचा बंद झाला, हे बरोबर कळतं. तीन पिनांचं सॉकेट उघडून बघा. समोरून उजव्या हाताच्या भोकाला मागं 'एल' लिहिलेलं असतं, डावीकडं 'एन', वरच्या जाड भोकाला 'ई'. त्या 'एल'ला आम्ही लाईनच म्हणतो. कुणी लाईव्ह म्हणतं, पण इंग्लंडच्या वायरिंगच्या नियमांतही 'लाईन कंडक्टर' असाच शब्द आहे. मागाच्या कारखान्यात थ्री फेजच्या दोन लाईनींत ४०० च्या आसपास व्होल्ट, लाईन आणि न्यूट्रलमध्ये २३०. टेस्टर लावताना हेल्पर ओरडून विचारतो, 'लाईन आहे का?' तिथं 'लाईट आहे का?' विचारून चालत नाही, जिवाशी खेळ आहे.

आणि कामगारांबद्दल एक. आता कागदोपत्री 'तंत्रज्ञ' झालं, पण गावात लाईनमनच. ४ मार्चला लाईनमन दिवस असतो. पावसाळ्यात रात्री खांबावर चढलेल्या माणसाला त्या दिवशी तरी दोन शब्द चांगले बोला.


दत्तनगर_माग :

+१ फ्यूज_पेटी.

जुन्या मिलमध्ये 'लैन शाफ्ट' असायचा. आमचे आजोबा सांगायचे. छताजवळून खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक मागाला पट्टा उतरलेला. पट्टा घसरला की तेवढा माग बंद, शाफ्ट थांबला की आख्खं खातं बंद. हल्ली मागाला आपापली मोटर असते. पण आमच्या घरात अजून, काम बंद पडलं की आजी 'लैन थांबली' म्हणते, मग ते शिवणयंत्र असो की मिक्सर.

आणखी एक, तेलुगूतून. आमच्याकडं ओळीला, रांगेला 'वरुस' म्हणतात. पण कुणी नवा माणूस घरी आला की वडीलधारे विचारतात, हा आपल्याला कुठल्या 'वरुसे'चा? म्हणजे नात्यानं कोण? मामा की बावा, म्हणजे मेहुणा? ओळ आणि नातं, दोन्हीला एकच शब्द. इंग्रजीत 'रॉयल लाईन' म्हणतात, घराण्याची ओळ, ते वाचल्यावर मला हेच आठवलं होतं. इंग्रजीच्या पुस्तकातला हा अर्थ मराठी माध्यमाच्या मित्रांना अवघड गेला, आम्हाला नाही.


दुरेघी_वही :

@दत्तनगर_माग, हे मी उद्याच वर्गात सांगणार. 'लिनिएज' म्हणजे वंशावळ हा शब्दही याच 'लाईन'चा. आणि वंशावळीत 'ओळ' आहेच की, वंशाची आवळ म्हणजे रांगच.


चंद्रभागा_वाळवंट :

ताई, धागा आवडला, पण थोडं कडू बोलतो. माझी तक्रार शाळेच्या त्या शेऱ्यापेक्षा वेगळी आहे. 'लाईन' इंग्रजीत बरोबर असेलही. मराठीत तो जिथं तिथं बसतोय आणि बसताना दुसऱ्या कुणाला तरी उठवतोय.

आमच्या पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला लाईन नसते, 'बारी' असते. दर्शनबारी. आषाढीला बारी पार गोपाळपुरापर्यंत जाते. त्या शब्दात आपली पाळी येण्याची वाट बघणंही आलं. लाईनमध्ये फक्त एकामागं एक उभं राहणं आहे. जेवायला बसलेल्यांची पंगत. पेरणीचं तास. उसाची सरी. विटांचा थर. गवंड्याचा ओळंबा. वहीची रेघ, कवितेची ओळ, डोंगराची रांग. इतकी वेगवेगळी माणसं घरात असताना सगळ्यांना एकाच नावानं हाक मारायची? माझा नातू परवा म्हणाला, 'आजोबा, जेवणाची लाईन बसली.' मला ते बरं वाटलं नाही.


साउथ_लाईन :

काका, तुमचं पटतंय, पण सगळीकडं दुसरा शब्द असतोच असं नाही. मी एका वितरकाकडं सेल्समन आहे. सोमवारी बार्शी लाईन, मंगळवारी मोहोळ-पंढरपूर लाईन, बुधवारी अक्कलकोट. एका दिवशी एका रस्त्यावरची सगळी दुकानं, ठरलेल्या क्रमानं. त्याला 'मार्ग' म्हटलं तर दुकानदारांचा क्रम त्यात येत नाही, 'फेरी' म्हटलं तर रस्ता येत नाही. ट्रकवालेही असंच बोलतात. 'भाऊ कुठाय?' 'लाईनवर आहे.' म्हणजे गाडी घेऊन बाहेर, चार दिवस घरी नाही. एवढं सगळं एका शब्दात आलं.


बोनस_रेषा :

कबड्डीत दोन्ही चालतात. मैदानात ओरडताना 'बोनस लाईन', पंचांच्या पुस्तकात 'बोनस रेषा'. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिथून पुढं एक मीटरवर बोनस. 'निदान रेषा' हा शब्द मला 'बॉक लाईन'पेक्षा कितीतरी आवडतो. चढाई करणाऱ्यानं निदान तिथपर्यंत तरी गेलंच पाहिजे. ऐकताच नियम कळतो.

क्रिकेटवाल्यांसाठी : बॅटला आपण जे लिनसीड ऑईल लावतो ते जवसाचंच तेल. म्हणजे लाईन-लेंथ सांभाळून टाकलेला चेंडू खेळणाऱ्या बॅटलाही तीच वनस्पती.


रात्रपाळी_डेस्क :

वर्तमानपत्रात काम करतो. आमचा सगळा दिवस हेडलाईन, बायलाईन, डेडलाईन यांत जातो. यातली डेडलाईन वाचताना पूर्वी काही वाटायचं नाही. मूळ कळल्यावर वाटायला लागलं. १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आत काही अंतरावर एक हलकं लाकडी कठडं घातलेलं होतं. कैद्यानं ती रेघ ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. ती 'डेड लाईन'. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला तो नंतर, विसाव्या शतकात. आता नवी मुलं 'डेडलाईन उलटली' असं सहज म्हणतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो. 'मुदत' हा आपला शब्द त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे आणि अर्थाला पुरतो.


सात_रस्ता_२२ :

सगळे मुख्य विषय टाळलालाव बे! लाईन मारणे, लाईन देणे, लाईन क्लिअर असणे. हे तरी आपलंच ना? की हेही इंग्रजांचं?


दुरेघी_वही :

@सात_रस्ता_२२, 'लाईन मारणे' ही घडण आपलीच. 'मारणे' हे क्रियापद जोडून आपण कितीतरी शब्द तयार केले : चक्कर मारणे, फोन मारणे, थाप मारणे. 'लाईन क्लिअर' बहुधा तुम्हाला @होटगी_जंक्शन काकांकडून मिळालेलं आहे. पुढच्या स्टेशनपर्यंतची लाईन मोकळी आहे, गाडी सोडा, असा तो रेल्वेचा शब्द. आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल. आयर्लंडमध्ये 'डूइंग अ लाईन विथ हर' म्हणजे तिच्याबरोबर फिरणं, प्रेम जमलेलं असणं. आपल्या 'लाईन मारणे'त बरेचदा एकतर्फी कारभार असतो, तिकडं दोघांची संमती असते. म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांना मी सांगते, की कुणी नको म्हटल्यावर मागं लागणं याला कुठल्याच भाषेत लाईन म्हणत नाहीत. आयर्लंडबाहेर हेच वाक्य बोललात तर मात्र ऐकणाऱ्याला कोकेन आठवेल, तेव्हा जपून.


होटगी_जंक्शन :

ताई बरोबर. 'लाईन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात, सोडता येत नाही. एकेरी मार्गावर तर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा यायचा, तो हातात आला की लाईन क्लिअर. शेजारच्या स्टेशनमास्तरनं आपल्या यंत्रातून मोकळीक दिल्याशिवाय तो गोळा बाहेरच पडायचा नाही.


पालक_अशोकचौक :

मुलगी दहावीला आहे. पेपरात काय लिहायचं ते सांगा. 'स्टँड इन अ लाईन' की 'क्यू'? आणि त्या टॉवेल लाईनच्या वाक्याचं काय?


दुरेघी_वही :

@पालक_अशोकचौक, रांगेसाठी ब्रिटनमध्ये 'क्यू', अमेरिकेत 'लाईन'. न्यूयॉर्कचे लोक तर 'ऑन लाईन' उभे राहतात, 'इन लाईन' नाही. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, म्हणून 'क्यू' लिहिणं सोयीचं. 'लाईन' लिहिलं म्हणून गुण कापू नयेत, आणि कापले तर बोलायला जा. 'क्यू' म्हणजे फ्रेंचमध्ये शेपूट, हे सांगितलं की मुलं त्याचं विचित्र स्पेलिंगही विसरत नाहीत. 'इन द टॉवेल लाईन' बरोबर आहे, फक्त जरा घरगुती आणि जुन्या वळणाचं. औपचारिक पत्रात 'इन द टॉवेल बिझनेस' शोभेल, निबंधात पहिलं चालतं. मी त्या मुलीला वाक्य बदलायला लावलं नाही. शब्दकोशातलं पान घेऊन शाळेत पाठवलं, आणि बाईंनी गुण दिले. बाईंचं कौतुक वाटलं.

@चंद्रभागा_वाळवंट काका, तुमची यादी मी वहीत उतरवून घेतली आहे. आता मुलांना 'लाईन'ची दहा वाक्यं देणार. आधी त्यांचं इंग्रजी करायचं, मग प्रत्येक ठिकाणी 'लाईन' हा शब्द न वापरता मराठी, तेलुगू, कन्नड, जी घरची असेल त्या भाषेत लिहायचं. कन्नडवाल्या मुलांकडं रांगेला 'सालु' आणि आखलेल्या रेघेला 'गेरे' असे वेगळे शब्द आहेतच. गवंडीकामातले शब्द मात्र माझ्याकडं कमी आहेत. लाईनदोरी आणि ओळंबा यांच्यापुढं माझी गाडी जात नाही.


चंद्रभागा_वाळवंट :

मग 'गुण्या' लिहून घ्या. कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायचा. दोरी लाईनीसाठी, ओळंबा उभ्यासाठी, गुण्या कोपऱ्यासाठी. आमच्या शेजारी एक जुने गवंडी राहतात, त्यांना उद्या सकाळी गाठतो आणि बाकीचे शब्द इथंच टाकतो.